लेकीला न्यूयॉर्कमध्ये शंभर वर्षं जुन्या को-ऑप इमारतीत घर घ्यायचंय. कोणी राहिलंय का अशा घरात?

नौपाडाकर_सुनंदा

नमस्कार मंडळी. घर न्यूयॉर्कचं आहे, पण विचारतेय ठाणेकरांनाच. आपल्याकडच्या कितीतरी घरांतली मुलं तिकडे आहेत, काही जण तिथे राहून परतही आलेत. आणि सोसायटी म्हणजे काय हे ठाणेकराला वेगळं सांगावं लागत नाही.

माझी लेक आणि जावई मॅनहॅटनमध्ये भाड्याने राहतात. आता स्वतःचं घर घ्यायचं चाललंय. अप्पर वेस्ट साइडला वेस्ट एंड अ‍ॅव्हेन्यूवरचं एक घर दोघांच्या मनात भरलंय. इमारत १९२६ ची, को-ऑप म्हणजे तिकडची सहकारी सोसायटी. लेकीने व्हिडिओ कॉलवर सगळं फिरवून दाखवलं. उंच छत, छताच्या कडेने प्लास्टरची नक्षी, तिरक्या विणीची लाकडी जमीन. दारातून आत शिरलं की आधी एक चौकोनी मोकळी जागा, मग घर. स्वयंपाकघराला लागून एक चिमुकली खोली आहे, ती पूर्वी कामवालीसाठी असायची म्हणे. खाली गणवेशातला दरवान, लिफ्टच्या दाराला पितळ. घर देखणं आहे, त्यात वादच नाही.

पण माझा जीव थाऱ्यावर नाही. आमची नौपाड्यातली इमारत १९७८ ची, तळमजला अधिक तीन. महापालिकेच्या यादीत ती सी-२बी मध्ये, म्हणजे रिकामी न करता दुरुस्त करायच्या इमारतींत आहे. जिन्याखालच्या खांबाच्या सळया दिसायला लागल्यात आणि दर रविवारी पुनर्विकासाची मीटिंग असते. इथे पन्नाशीच्या आत इमारत थकते, आणि ही पोरं शंभरीच्या इमारतीत आयुष्यभराची कमाई घालणार!

दुसरं म्हणजे तिथली कमिटी, ते बोर्ड म्हणतात, घर विकत घेणाऱ्याची चौकशी करते. प्राप्तिकराची विवरणं, बँकेची स्टेटमेंट्स, ऑफिसचं पत्र, ओळखीच्यांनी वागणुकीबद्दल लिहून दिलेली पत्रं, आणि वर मुलाखत. एवढं करून नाही म्हणाले तर कारणसुद्धा सांगत नाहीत. जावई शांत स्वभावाचा आहे, तोही म्हणाला, "आई, शेजाऱ्यांनी माझं पासबुक का बघायचं?" मला उत्तर देता आलं नाही.

आणि मेंटेनन्स! महिन्याला तिकडे जे भरायचं त्यात आमची अख्खी सोसायटी वर्षभर चालेल. आम्ही बदलापूरचा प्लॉट विकून थोडा हातभार लावणार आहोत, म्हणून मलाही बोलायचा हक्क आहे असं मला वाटतं. अशा घरात राहणं खरोखर कसं असतं, आणि पैसे अडकण्याआधी काय बघून घ्यायचं, ते कृपया सांगा.

---

पाचपाखाडी_सचिव

सुनंदाताई, पाचपाखाडीतल्या एका सोसायटीचं सचिवपद बरीच वर्षं माझ्याकडे आहे. मी आपल्या बाजूचं सांगतो.

को-ऑपची कल्पना आपल्याला परकी नाही. गावदेवीची सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी १९१५ ची आहे, म्हणजे लेकीच्या इमारतीहून जुनी. ताडदेवची तालमकीवाडी ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते रावबहादूर तालमकी त्या चळवळीच्या मुळाशी होते. तुमच्या कपाटातही सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट असेलच.

फरक आहे तो कमिटीच्या अधिकारात. आपल्या १९६० च्या सहकार कायद्याखाली सभासदत्व नाकारायचं तर सोसायटीला कारण द्यावं लागतं, आणि त्यावर उपनिबंधकाकडे अपील करता येतं. घर दुसऱ्याच्या नावावर करताना सोसायटी घेते त्या ट्रान्सफर प्रीमियमलाही २५,००० रुपयांची मर्यादा आहे. कमिटीच्या मनात आलं म्हणून "तुम्ही नको" असं कोणाला म्हणता येत नाही. धर्मावर आधारलेली सोसायटी आपल्या उपविधींत सभासदत्व त्या समाजापुरतं ठेवू शकते, हे मात्र सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये अहमदाबादच्या पारशी सोसायटीच्या प्रकरणात मान्य केलं आहे.

आता आपल्या इमारती लवकर का थकतात ते. सळई काँक्रीटच्या पोटात असते. वरचं आवरण पातळ ठेवलेलं असलं की चार महिन्यांचा पाऊस आणि खाडीची दमट, खारी हवा आत शिरते. सळई गंजून फुगते आणि आवरण फोडून बाहेर येते. तुमच्या त्या खांबावर बोटाने टकटक करून बघा, पोकळ आवाज येईल. त्यात गच्चीची गळती वर्षानुवर्षं डांबर फासून ढकललेली असते. आणि खरं सांगायचं तर प्रत्येक इमारत गंजामुळेच पाडली जाते असं नाही. वाढीव एफएसआय, म्हणजे त्याच प्लॉटवर जास्त बांधायची परवानगी, दिसायला लागला की दुरुस्तीचा ठराव कोणी मांडतच नाही. नीट राखलेली इमारत वय झालं म्हणून पाडावी लागत नाही.

---

कोपरीची_वैशाली

सुनंदाताई, मी त्याच भागात, त्याच दशकातल्या इमारतीत राहिले आहे आणि तिथल्या बोर्डावरही होते. आता सासूबाईंसाठी कोपरीला परतलोय. त्या घरावर माझा फार जीव होता, त्यामुळे थोडं लांबेल.

आधी इमारतीबद्दल. त्या काळातल्या तिथल्या उंच इमारतींचा सांगाडा पोलादी असतो आणि त्याभोवती वीटकाम. भिंती जाड, प्लास्टरच्या. शेजारच्या घरातला आवाज जवळपास येत नाही, वरच्या मजल्यावरच्या पावलांचा मात्र येतो. म्हणूनच बहुतेक इमारतींत जमिनीचा ८० टक्के भाग गालिच्याने झाकायचा नियम असतो. सांगाड्याची चिंता कमी करा. खरी काळजी असते बाहेरच्या कातडीची, म्हणजे विटा, दगडी पट्ट्या, कंगोरे यांची. १९७९ मध्ये ब्रॉडवेवर इमारतीचा तुकडा अंगावर पडून बर्नार्ड कॉलेजची एक विद्यार्थिनी गेली. त्यानंतर १९८० मध्ये शहराने दर्शनी भाग तपासण्याचा कायदा केला आणि १९९८ मध्ये तो आणखी कडक केला. सहा मजल्यांपेक्षा उंच प्रत्येक इमारतीची दर पाच वर्षांनी तपासणी होते आणि अहवाल शहराकडे जातो. सुरक्षित, दुरुस्ती लागणारी, असुरक्षित असे तीन शेरे असतात. असुरक्षित शेरा आला की फुटपाथवर लोखंडी खांब आणि फळ्यांचा मांडव ठोकला जातो, दुरुस्ती होईपर्यंत तो हलत नाही आणि खर्च सगळ्या घरमालकांवर वाटला जातो. लेकीला शेवटचा अहवाल मागायला सांगा. पुढची फेरी कधी आहे आणि त्यासाठी पैसे बाजूला ठेवलेत का, हेही विचारू दे.

वेस्ट एंड अ‍ॅव्हेन्यूचा बराचसा भाग ऐतिहासिक परिसर म्हणून जाहीर झालेला आहे. तिथे रस्त्यावरून दिसणारी खिडकीसुद्धा शहराच्या लँडमार्क्स कमिशनला विचारल्याशिवाय बदलता येत नाही. त्यामुळे कोणी बिल्डर उद्या येऊन इमारत पाडेल ही भीती तिथे नाही. आपल्या नौपाड्यातल्या देखण्या जुन्या घरांना असं संरक्षण वेळेवर मिळालं असतं तर, हा विचार मला अजूनही अस्वस्थ करतो.

आता बोर्ड. जावयांचा प्रश्न रास्त आहे, त्याचं उत्तर असं. तिकडे घर तुमच्या नावावर होत नाही. संपूर्ण इमारत एका कंपनीची असते, तुम्ही त्या कंपनीचे शेअर्स घेता आणि त्या शेअर्सच्या बळावर तुम्हाला तुमच्या घराचा भाडेपट्टा मिळतो. मालमत्ता कर पूर्ण इमारतीवर लागतो. बऱ्याच इमारतींवर कंपनीने काढलेलं सामायिक कर्जही असतं. एकाने पैसे थकवले तरी कर आणि हप्ता थांबत नाही, तो बाकीच्यांना भरावा लागतो. १९२९ च्या मंदीनंतर कित्येक को-ऑप नेमके याच कारणाने बुडाले. म्हणून बोर्ड कागद बघतं. घराचा खर्च उत्पन्नाच्या साधारण पाव हिश्श्यात बसतो का, आणि व्यवहार झाल्यावर एक-दोन वर्षांचा खर्च निघेल एवढी रक्कम हाताशी उरते का, या दोन गोष्टींवर सगळा भर असतो. २० टक्के रोख चालणाऱ्या इमारती आहेत, निम्मी रोख मागणाऱ्याही आहेत.

पण कारण न सांगता नाकारण्याची मोकळीक मला तेव्हाही खुपायची आणि आजही खुपते. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व यावरून नाकारायला कायद्याने बंदी आहे, पण कारणच दिलं नाही तर माणसाने सिद्ध काय करायचं? बोर्डावर असताना मी प्रत्येक नकाराच्या वेळी आकडे टेबलावर मांडायला लावायचे. आकड्यांत बसत असेल तर होकार, एवढीच माझी बाजू असायची. आपल्या कायद्यात कारण द्यावं लागतं, ही सचिवसाहेबांनी सांगितलेली गोष्ट फार मोलाची आहे.

मुलाखतीला घाबरू नका. कागदांवरून नकार द्यायचा असेल तर बहुतेकदा बोलावतच नाहीत. आमच्याकडे एका सभासदाच्या जेवणाच्या टेबलाभोवती चारपाच जण बसायचो, पाणी आणि बिस्किटं असायची. घरात काही तोडफोड करायचा विचार आहे का, कुत्रा आहे का, वाद्य वाजवता का, घरून काम करता का, असलेच प्रश्न. लेक-जावयाने नेमकं उत्तर द्यावं आणि थांबावं. "इथे हे का चालत नाही" असले उलट प्रश्न त्या दिवशी नकोत, ते आधी वकिलामार्फत विचारून घ्यायचे.

मेंटेनन्स मोठा वाटतो, पण त्यात मालमत्ता कर, सामायिक कर्जाचा हप्ता, दरवान, सुपर (इमारतीची देखभाल बघणारा), सफाईवाले यांचे पगार, घर गरम ठेवणं आणि गरम पाणी इतकं सगळं असतं. वीज तेवढी वेगळी. आकडा किती यापेक्षा तो गेल्या पाच वर्षांत कसा वाढला हे बघा. आणि सगळ्यात आधी विचारा, इमारतीखालची जमीन कोणाची? काही को-ऑप भाडेपट्ट्याच्या जमिनीवर उभे आहेत. तो पट्टा संपत आला किंवा भाडं नव्याने ठरलं की मेंटेनन्स एका झटक्यात आभाळाला भिडतो. तसं असेल तर नक्षी कितीही सुंदर असो, पुढच्या घराकडे वळा.

राहण्याचं म्हणाल तर थंडी. तळघरातल्या बॉयलरमधून वाफ वर येते आणि रेडिएटर तापतो. जुन्या पद्धतीत एकच नळ असतो, वाफ त्यातूनच वर येते आणि गार झालेलं पाणी त्यातूनच खाली जातं. त्यासाठी रेडिएटर नळाच्या बाजूला किंचित उतरता हवा, म्हणून पलीकडच्या पायांखाली लाकडाची पातळ चकती सारलेली असते. ती चकती सरकली की आत पाणी साचतं, वाफ त्यावर आदळते आणि पहाटे कोणी हातोड्याने नळ ठोकतंय असा आवाज सुरू होतो. खालचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवायचा किंवा पूर्ण बंद, अधेमधे कधीच नाही. बाजूला बोटाच्या पेराएवढा चंदेरी व्हेंट असतो. तो आधी हवा सोडतो आणि वाफ पोहोचली की गप्प बसतो. फुसफुसत राहिला तर सुपरला सांगून बदलून घ्यायचा. १९१८ च्या फ्लूनंतर मोकळ्या हवेचा आग्रह वाढला, म्हणून खिडकी उघडी असतानाही खोली तापेल अशा मापाचे हे रेडिएटर बसवलेले आहेत. त्यामुळे ऐन जानेवारीत खिडकी किलकिली करून झोपावं लागतं. तुम्ही जाल तेव्हा थंडी वाजेल ही काळजी सोडा. १ ऑक्टोबर ते ३१ मे या काळात बाहेर गारठा असेल तर दिवसा घरात साधारण २० अंश सेल्सिअस राखणं तिथे कायद्यानेच बंधनकारक आहे.

आणि एक गोष्ट मला अजून आठवते, त्या स्वयंपाकघराला खिडकी होती. नव्या टॉवरमधलं स्वयंपाकघर बहुधा दिवाणखान्याच्या एका भिंतीला चिकटवलेलं असतं, फोडणी दिली की वास सोफ्यात मुरतो. जुन्या घरात स्वयंपाकघराला दार आहे, मागच्या चौकावर उघडणारी खिडकी आहे, आणि मागे सामानाच्या लिफ्टकडे जाणारा दुसरा दरवाजाही आहे. कढीपत्ता आणि हिंग बिनधास्त.

---

वाशीचा_सीए

सुनंदाकाकू, पैशांबाबत थोडक्यात. जमीन कोणाची हे विचारा, असं वैशालीताईंनी सांगितलं, ते आम्हा नवी मुंबईकरांना लगेच पटेल. सिडकोची जमीन भाडेपट्ट्याची असल्याने घर विकायला निघालं की आधी तीच फाइल उघडावी लागते.

एलआरएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली, एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलर्सपर्यंत पाठवता येतात. तुमची आणि काकांची मर्यादा वेगवेगळी. लेकीला भेट म्हणून पाठवलेल्या रकमेत १० लाख रुपयांच्या वरच्या भागावर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. तो तुमच्या प्राप्तिकरात वळता होतो किंवा परत मिळतो, पण तोवर तेवढे पैसे अडकतात, म्हणून हिशेबात धरा. प्लॉट विकल्यावरचा भांडवली नफ्याचा कर वेगळा, तो आधी बाजूला काढा.

लेकीच्या बाजूने, परदेशातून वर्षात १,००,००० डॉलर्सपेक्षा जास्त भेट मिळाली तर तिला तिकडे फॉर्म ३५२० भरावा लागतो. त्यावर कर नाही, पण फॉर्म राहिला तर दंड मोठा आहे. घराची किंमत १० लाख डॉलर्स किंवा त्याहून अधिक असेल तर घेणाऱ्याला किमान १ टक्का 'मॅन्शन टॅक्स' आहे, को-ऑपलाही. उलट को-ऑपच्या कर्जावर तिथला मॉर्गेज रेकॉर्डिंग टॅक्स (गृहकर्ज नोंदवताना भरायचा कर) लागत नाही, ती बचत चांगली होते.

पैसे शेवटच्या आठवड्यात पाठवू नका. बोर्डाला स्टेटमेंटमध्ये रक्कम स्थिरावलेली दिसायला हवी, सोबत "ही भेट आहे, कर्ज नाही" असं तुमचं सहीचं पत्र.

---

नौपाडाकर_सुनंदा

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. काल रात्री लेकीला फोनवर सगळं वाचून दाखवलं. जावयाला बोर्डाचं कारण पटलं, आता तो स्वतःच कागद जमवायला बसलाय. जमीन इमारतीच्याच मालकीची आहे, हे वकिलाने कळवलं. दर्शनी भागाचा अहवाल मागितलाय.

वैशाली, आणखी दोन-तीन गोष्टी सांग. नातू तीन वर्षांचा आहे. त्यांच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो, आरतीला वीस-पंचवीस माणसं येतात आणि जावई पेटी वाजवतो. चालेल ना हे? आणि पुढे दोन वर्षांसाठी भारतात यायचं ठरलं तर घर भाड्याने देता येईल का?

---

कोपरीची_वैशाली

सुनंदाताई, नातू तीन वर्षांचा आहे म्हणून आधी त्याचं. न्यूयॉर्क शहरात घरांत शिशाचा रंग वापरायला १९६० मध्ये बंदी आली, म्हणजे १९२६ च्या घरात जुन्या थरांखाली तो असणार असंच धरून चालायचं. खिडक्यांच्या चौकटी आणि दारांच्या कडा बघा, जिथे घासून भुगा पडतो तिथे धोका. ताबा घेण्यापूर्वी तपासणी करून घ्या आणि खरवडायचं काम परवानाधारक माणसाकडूनच, मूल घरात नसताना. दहा वर्षांपर्यंतचं मूल घरात असेल तर खिडक्यांना गार्ड बसवणं कायद्यानेच लागतं, सुपरला आधी सांगून ठेवा.

गणपती बसवा. आम्हीही बसवायचो. पाहुणे येणार हे दरवानाला आदल्या दिवशी यादीसह द्यायचं आणि खालच्या मजल्यावरच्यांना स्वतः जाऊन सांगायचं. आमच्या खालच्या आजी दुसऱ्या वर्षापासून आरतीला येऊ लागल्या, उकडीचे मोदक त्यांना फार आवडायचे. पेटी-झांजा रात्री ठरलेल्या वेळेआधी आटपा, वेळ इमारतीच्या नियमावलीत लिहिलेली असते. धूप स्मोक अलार्मपासून लांब. आणि जावयांना मुलाखतीत वाद्याचं विचारलं तर पेटी वाजवतो म्हणून सरळ सांगायचं.

भाड्याचं मात्र आजच बघून घ्या. बऱ्याच को-ऑपमध्ये काही वर्षं स्वतः राहिल्याशिवाय भाड्याने देता येत नाही, दिलं तरी ठरावीक मुदतीसाठीच, त्यावर वेगळी फी आणि भाडेकरूची बोर्डाकडून चौकशी. काही ठिकाणी मुळीच परवानगी नाही. भारतात येण्याचा विचार पक्का असेल तर हे कलम घरापेक्षा महत्त्वाचं. लेक-जावई गावाला गेलेले असताना तुम्ही दोघं तिथे राहणार असाल तर पाहुण्यांचा नियमही वाचा. वॉशिंग मशीन घरात चालतं का तेही विचारा, जुन्या नळांमुळे बरेचदा मनाई असते आणि कपडे तळघरात धुवावे लागतात.

वकिलाला बोर्डाच्या गेल्या दोन-तीन वर्षांच्या सभांची इतिवृत्तं वाचायला लावा. गळती, भांडणं, बॉयलर बदलायची चर्चा, सगळं त्यातच सापडतं. २०१९ च्या लोकल लॉ ९७ नुसार २५,००० चौरस फुटांपेक्षा मोठ्या इमारतींना २०२४ पासून कार्बन उत्सर्जनाची मर्यादा आहे आणि २०३० पासून ती आणखी आवळणार आहे. त्यामुळे तेलावर किंवा गॅसवर चालणाऱ्या जुन्या बॉयलरचं पुढे काय करणार, यावर बोर्डाने काही ठरवलंय का ते त्या कागदांत शोधायला सांगा. ते वाचून होईपर्यंत करारावर सही नको. अहवाल हातात आला की इथे कळवा, मी बघून सांगते.